जडावलेली जीभ आणि गप्प बसलेली वृत्तपत्रे : चर्चिल, १९५३

१/८
२३ जून १९५३ ची रात्र. लंडनमधील १० डाउनिंग स्ट्रीट येथे इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. यजमान विन्स्टन चर्चिल ७८ वर्षांचे होते. त्यांचे भाषण उत्तम झाले. मात्र थोड्याच वेळात त्यांना खुर्चीतून उठता येईना, उच्चार अस्पष्ट झाले. पंतप्रधान फार थकले आहेत, असे पाहुण्यांना सांगण्यात आले.

२/८
दुसऱ्या दिवशी त्यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांना तोंडाची डावी बाजू ओघळलेली आढळली. निदान स्पष्ट होते : पक्षाघात. तरीही चर्चिल यांनी त्याच दिवशी मंत्रिमंडळाची बैठक चालवली. ते नेहमीपेक्षा कमी बोलले, एवढेच काहींच्या ध्यानात आले. पुढे डावा हात आणि पाय दुर्बळ होत गेले. त्यांना चार्टवेल येथील घरी हलवण्यात आले.

३/८
येथे एक भेद महत्त्वाचा. शब्द आठवतात, पण ओठ-जीभ साथ देत नाहीत, तो उच्चारदोष, म्हणजे डिसार्थ्रिया. शब्दच सापडत नाहीत, तो वाचाघात. चर्चिल यांनी दोन्ही अनुभवले : फेब्रुवारी १९५२ मध्ये काही मिनिटे त्यांना शब्दच सुचेनासे झाले होते. असा क्षणिक झटका ही मोठ्या आघाताची पूर्वसूचना असू शकते.

४/८
वेळ बिकट होती. स्टालिनचा मृत्यू होऊन सुमारे साडेतीन महिने झाले होते. आयझेनहॉवर यांच्याशी बर्म्युडा येथे परिषद ठरलेली होती; ती डिसेंबरपर्यंत पुढे गेली. राजकीय वारस अँथनी ईडन स्वतःच शस्त्रक्रियेसाठी बॉस्टनमध्ये होते.

५/८
मोरान आणि मेंदूविकारतज्ज्ञ रसेल ब्रेन यांनी लिहिलेल्या निवेदनात मेंदूच्या रक्ताभिसरणातील बिघाडाचा उल्लेख होता. बटलर आणि सॉल्झबरी या मंत्र्यांनी तो वगळला. जनतेला कळले ते एवढेच की, पंतप्रधानांना संपूर्ण विश्रांतीची गरज आहे. कॅमरोज, बीव्हरब्रूक आणि ब्रॅकन या वृत्तपत्रसृष्टीतील मित्रांनी मौन पाळले.

६/८
उपचार तरी कोणते होते? मेंदूचे सीटी स्कॅन रुग्णावर प्रथम झाले ते १९७१ मध्ये. पक्षाघातावर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. १९५३ मध्ये वैद्यांच्या हाती होती ती मुख्यतः विश्रांती, शुश्रूषा आणि प्रतीक्षा.

७/८
१० ऑक्टोबर रोजी मार्गेट येथील पक्षाधिवेशनात चर्चिल उभे राहिले आणि दीर्घ भाषण करून बसले. त्याच महिन्यात त्यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाले. गौरवाच्या कारणांत वक्तृत्वही होते! आजाराची वाच्यता त्यांनी स्वतःच संसदेत केली, पण ती मार्च १९५५ मध्ये. पुढच्याच महिन्यात त्यांनी पद सोडले.

८/८
वृद्धांचे बोलणे जडावण्यामागे पार्किन्सन, औषधांचे दुष्परिणाम किंवा सैल कवळीही असू शकते. तेथे मूळ कारणावरील उपचार आणि स्पीच थेरपी उपयोगी पडते. परंतु बोलणे अचानक अडखळले, चेहरा वाकडा झाला, हात उचलेना, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवण्याचे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘थकले असतील’ हा समज १९५३ मध्ये एका राष्ट्राने करून घेतला होता. घरातल्या माणसांनी तो करून घेऊ नये.