ट्रेमधली मेथी आणि टोपीतला तुरा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लवासात एका मित्राचा फ्लॅट आहे. म्हणजे त्याच्या काकांचा, पण काका येतात वर्षातून दोनदा, त्यामुळे वीकांताला किल्ली आमच्याकडे. मित्राची नोकरी गेली होती आणि त्याच्या डोक्यात मायक्रोग्रीन्सचं खूळ शिरलं होतं. घरात ट्रे लावायचे, आठ-दहा दिवसांत पीक काढायचं, कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांमधून डबे विकायचे. भांडवल म्हणजे दहा-बारा प्लास्टिकचे ट्रे, कोकोपीटच्या विटा आणि मंडईतून आणलेली मेथी, मुळा, मोहरी. हिशेबाची एक्सेल शीट मी बनवली. आयटीवाल्याकडून दुसरी कसली मदत होणार म्हणा!

तर मंडळी, त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ट्रे मांडून आम्ही मोठ्या कौतुकाने बघत बसलो होतो. तेवढ्यात साफसफाईला येणाऱ्या मावशी दारात थबकल्या. म्हणाल्या, "काय वं दादा, आखाडातच घट बसवलं व्हय?"

आम्ही हसलो. पण नंतर लक्षात आलं, मावशी अगदी बरोबर बोलल्या होत्या.

नवरात्रात आमच्याकडे घट बसतो तेव्हा आजी काय करते? शेतातली काळी माती चाळून परडीत किंवा पत्रावळीवर पसरते, त्यात गहू, ज्वारी, जे हाताशी असेल ते धान्य दाट पेरते, मधे पाण्याचा घट ठेवते. रोज थोडं पाणी. देवघर अंधारं असलं की कोंब सरळसोट वाढतात आणि पिवळे राहतात. दसऱ्याला ते उपटायचे, देवाला वाहायचे आणि पुरुषांच्या टोपीत तुरा म्हणून खोचायचे. आता मायक्रोग्रीन्सच्या कुठल्याही व्हिडिओत बघा. पातळ थरात माती, दाट पेरणी, पहिले दोन-तीन दिवस अंधार, हलकं पाणी, नऊ-दहा दिवसांत कापणी. प्रोसेस तीच, फक्त प्रसाद विकत मिळतो :)

घटामागे मुळात बियाणं तपासायची युक्ती होती असं बरेच जण सांगतात. रब्बीच्या पेरणीआधी घरातल्या धान्याची उगवण कशी आहे ते नऊ दिवसांत कळतं, हे खरंच आहे. पण प्रथा त्यासाठीच सुरू झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. असल्या प्रथा जगात इतरत्रही आहेत. प्राचीन ग्रीसमध्ये बायका फुटक्या मडक्यांत गहू, बार्ली, बडीशेप पेरून उन्हाळ्यात गच्चीवर ठेवायच्या, कोंब आठवडाभरात वाढायचे आणि सुकायचे. त्याला अडोनिसच्या बागा म्हणत. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस विचारतो की शहाणा शेतकरी आपलं चांगलं बियाणं असल्या बागेत गंभीरपणे पेरेल का? आमच्या मित्राने मात्र अत्यंत गंभीरपणे पेरलं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. घटातलं धान आपण खात नाही, टोपीत खोचतो. त्यात ज्वारी असेल तर न खाल्लेलंच बरं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत एक द्रव्य असतं, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडच, सुटतं. कोवळी ज्वारी चरून गुरं दगावतात हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. म्हणून ट्रेमध्ये 'जे उगवतं ते खाता येतं' हा नियम नाही. ज्वारी नको, राजमा नको, टोमॅटो-वांगी-मिरचीच्या कुळातलं काही नको. आणि शेतीच्या दुकानातलं गुलाबी-निळं औषध चोळलेलं बियाणं तर अजिबात नको. स्वयंपाकघरातली मेथी-मोहरी बरी.

मग महाराष्ट्रात कोणी कोवळी रोपं खायला म्हणून वाढवून विकत होतं का? होतं की! मुंबईकरांना विचारा. बारीक मेथी, समुद्रमेथी, वाळूतली मेथी... नावं बरीच. समुद्रालगतच्या वाळूत मेथी दाट फेकायची, पाणी द्यायचं, आणि रोप जेमतेम दोन पानांवर आलं की मुळासकट उपटून चिमूटभर जुड्या बांधायच्या. मंडईत भाजीवाली त्या जुड्यांचा ढीग घेऊन बसते. माझी मुंबईची मावशी ती मेथी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात सोडायची, हलवायची, वरची उचलायची, आणि तळाशी पसाभर वाळू. तीन पाण्यांतून काढली तरी एखादा कण दाताखाली यायचाच. मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची घालून केलेली ती भाजी ज्याने खाल्ली आहे त्याला पंचतारांकित हॉटेलातल्या ताटावरच्या चार काड्यांचं कौतुक सांगू नये.

म्हणजे कॅलिफोर्नियातल्या शेफ लोकांनी १९८०च्या दशकात पदार्थावर कोवळी पानं पेरायला सुरुवात केली, त्याला पुढे मायक्रोग्रीन्स हे नाव पडलं, आणि तेच नाव फिरत फिरत मुळशी तालुक्यात आलं. वस्तू आपल्याकडे होतीच. फरक एवढाच की आपण ती शिजवून खात होतो. हा फरक मला तेव्हा किरकोळ वाटला होता.

किरकोळ नव्हता. तिसऱ्या महिन्यात एका सोसायटीतल्या काकूंचा फोन आला. त्या आमच्या नेमाने डबा घेणाऱ्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "अरे, ह्यांची केमो सुरू झालीय. तुमच्या कागदावर लिहिलंय ना, चाळीस पट जीवनसत्त्वं म्हणून? रोज सकाळी कच्चंच देऊ ना त्यांना? दोन डबे जास्त पाठव."

कागद मी डिझाइन केला होता. ते 'चाळीस पट' मी जालावरून उचललं होतं. मित्र म्हणाला, "पाठव की, चांगलंच आहे." मी म्हटलं, थांब जरा, उद्या सांगतो. आणि त्या रात्री वाचत बसलो.

आधी ते चाळीस पट. मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ साली २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा काही जीवनसत्त्वं ४ ते ४० पट जास्त, असा तो आकडा तिथून आला. पण हे सगळं वजनाच्या प्रमाणात. क जीवनसत्त्वच घ्या. १०० ग्रॅममागे २०.४ मिलिग्रॅमपासून लाल कोबीच्या १४७ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे आपापसातच सात पट फरक. अंधारात वाढवलेले पिवळे वाटाण्याचे कोंब तर बरेच मागे पडले (घटातल्या पिवळ्या धानाची आठवण झाली). आणि सगळ्यात मजा म्हणजे त्या २५ मध्ये मेथी नव्हतीच! आमचा डबा मुख्यतः मेथीचा, ५० ग्रॅमचा, आणि चाळीस पट छापलेलं.

मग कोवळ्या कोंबात जीवनसत्त्व असतं हे आधी कोणी शोधलं, ते बघायला गेलो, आणि पोचलो थेट इराकमध्ये. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन, बसऱ्याहून बगदादकडे निघाली होती. मागे हटता हटता ती टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा या गावात तुर्की वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. आपल्याच सातारा-रत्नागिरीकडची माणसं.

त्या वेढ्यात एक भयंकर प्रयोग आपोआप घडला. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि पुढे घोड्याचं मांस, हिंदी सैनिकांना आटा आणि सुकी डाळ. मैदा खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, तो ब जीवनसत्त्वाच्या अभावाने. मैदा संपून त्यांच्याही वाट्याला आटा आला तेव्हा तो आटोक्यात आला. हिंदी सैनिकांना बेरीबेरी फारसा झाला नाही, पण त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजणं, रक्त येणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं. ताजी भाजी नाही, आणि घोड्याचं मांस बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली तरी गावात काय म्हणतील ही भीती होतीच. एप्रिलमध्ये विमानातून धान्याची पोती टाकायचा प्रयत्न झाला, पण पुरलं नाही. सुमारे १३ हजार माणसं शरण गेली आणि त्यातली हजारो पुढे कैदेत मेली.

ही डाळ त्यांच्यापाशी सुकी होती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलेन मॅरियन डेल्फ या दोघी शास्त्रज्ञांनी १९१९ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं की सुक्या डाळीत-वाटाण्यात स्कर्व्ही रोखणारं द्रव्य जवळजवळ नसतं, पण भिजवून मोड आणले की ते तयार होतं. ते द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. सैन्याला भाजी पोचवता येत नसेल तर अख्खं कडधान्य द्या आणि मोड आणून, फार न शिजवता खायला सांगा, असा त्याचा अर्थ. मटकीला मोड आणणं हे आपल्या घराघरातलं काम. ते सैन्याच्या रसदीत यायला एवढा मोठा फेरा पडला, हे वाचताना कसंतरीच झालं. कुतमध्ये डाळ अख्खी होती की भरडलेली, जळण किती होतं, हे प्रश्न आहेतच. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. पण तरी...

म्हणजे इथपर्यंत गोष्ट मोडांच्या बाजूने. आता दुसरी बाजू.

जुलै १९९६. जपानच्या साकाई शहरात शाळेतल्या जेवणातून हजारो मुलं ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूने आजारी पडली, काही दगावली. संशय मुळ्याच्या कोवळ्या कोंबांवर गेला. विक्री कोसळली, तेव्हा आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी टीव्हीवर ते कोंब खाऊन दाखवले. शेतकऱ्यांनी नंतर सरकारवर खटला भरला आणि तो जिंकलाही. पुरावा पक्का नसताना नाव घेतलं म्हणून. मग मे २०११, जर्मनी. आधी बिचाऱ्या स्पेनच्या काकड्यांना दोषी धरलं, शेवटी धागा पोचला उत्तर जर्मनीतल्या मोड विकणाऱ्या एका शेतापर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत. ३८००हून जास्त आजारी, पन्नासहून जास्त मृत्यू, अनेकांची मूत्रपिंडं निकामी. आणि बियाणं कसलं? मेथीचं!

कारण साधं आहे. जिवाणू बियाच्या भेगेत सुकून महिनोन्महिने बसतो. आपण त्याला ऊब, ओल आणि अन्न देतो, म्हणजे कोंबासाठी जे हवं तेच त्यालाही हवं. मायक्रोग्रीन्स त्या मानाने बरी, कारण ती उजेडात-हवेत वाढतात आणि मुळं न घेता वरून कापतात. पण बी तेच, पाणी तेच, हात तेच. शिजवलं की प्रश्न मिटतो. समुद्रमेथी तीन पाण्यांतून काढून, फोडणी घालून शिजवणारी आजी बहुधा वाळूसाठी धूत होती, पण काम दोन्ही होत होतं. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला कच्चे मोड देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात ते याचमुळे.

सकाळी काकूंना फोन केला. म्हटलं, कच्चं नका देऊ, डॉक्टरांना विचारा, आणि दिलंच तर भाजी करून, नीट शिजवून. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "शिजवायचीच तर मंडईतली जुडी काय वाईट? वीस रुपयांत येते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंचे डबे बंद झाले. कागदावरचं चाळीस पट काढल्यावर आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं गळाली. मित्र आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या बाजूनेही विचार करा, त्या महिन्यात त्याच्या घरी येणारा पैसा एवढाच होता. पण मग त्याने स्वतःच बदल केले. बिया निवडून धुणं, ट्रे प्रत्येक वेळी ब्लीचच्या पाण्यातून काढणं, पिण्याचंच पाणी वापरणं, कापायच्या आधी पाणी बंद, कापल्यावर लगेच फ्रीज, डब्यावर तारीख. लवासात पावसाळ्यात हवाच इतकी ओली की मेथीच्या ट्रेवर पांढरी बुरशी यायची, रोपं बुडाशी कोलमडायची. पंखा लावला, पेरणी विरळ केली, तेव्हा थांबली. (मुळांवरची बारीक पांढरी लव म्हणजे बुरशी नव्हे बरं का. पाणी मारलं की लव दिसेनाशी होते, बुरशी राहते. पहिले दोन ट्रे आम्ही लव बघूनच फेकले होते!) धंदा आता छोटा आहे, पण चालू आहे.

मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांना जर्मनीपेक्षा ट्रेचा भाव ऐकून जास्त आश्चर्य वाटलं. त्यांचं माहेर याच मोसे खोऱ्यातलं, घरची भातखाचरं वरसगाव धरणाच्या पाण्याखाली गेली. जे पाणी लवासाच्या जाहिरातीत तळं म्हणून झळकायचं, तेच. मुळशी तालुक्याला हे नवीन नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला तोही भाताच्या जमिनींसाठीच होता, आणि तो हरला. लवासाचंही काम २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने थांबवलं, पुढच्या वर्षी सशर्त सुरू झालं, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. रिकाम्या इमारतींच्या खिडक्यांतून पाऊस आत येतो.

"जमीन न्हाई तर ताटात पेरायचं, आसंच ना?" मावशी म्हणाल्या.

दसऱ्याला मित्राने त्यांना गव्हाचा एक ट्रे दिला. त्यांनी कात्री लावू दिली नाही. मुळासकट उपटून तुरे केले, एक माझ्या क्रिकेटच्या कॅपमध्ये खोचला, आणि उरलेली माती गॅलरीतल्या कुंडीत ओतून ट्रे धुऊन परत दिला.