फुलदाणीची मध्यरेषा: मुंबई इलाख्यातील प्राथमिक रेखांकनाचे शिक्षण

महाराष्ट्रातील शाळकरी मुले चित्रकलेचे जे पहिले धडे गिरवतात, त्यांची घडण मुळात लंडनमध्ये झाली. १८५१ च्या महाप्रदर्शनात ब्रिटिश कारखान्यांतील मालाची आरेखने सुमार असल्याचे अनेकांच्या लक्षात आले आणि त्यानंतर हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी कारागिरांना डोळ्यासमोर ठेवून तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम बसवला, तोच पुढे साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणून ओळखला गेला. त्यात आधी उपकरणांनी आखलेल्या रेषा, मग छापील नमुन्यांवरून मुक्तहस्त रेखांकन, म्हणजे पट्टी-कंपासाशिवाय निव्वळ हाताने काढलेली बाह्यरेषा, त्यानंतर प्रत्यक्ष घनवस्तू आणि छायांकन असा क्रम होता. रंगांची पाळी फार उशिरा येई. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत हीच पद्धत रुजली.

या पद्धतीला रूक्ष म्हणण्याचा प्रघात आहे, पण तिच्यातील एक शहाणपण दुर्लक्षिले जाते. फुलदाणीच्या नमुन्यासाठी प्रथम फिकट उभी मध्यरेषा काढायची, गळा, पोट व बूड यांच्या रुंदीच्या खुणा तिच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर करायच्या, हाताखाली झाकली जाऊ नये म्हणून डावी कड आधी काढायची, उजवी तिच्याशी ताडून पुरी करायची आणि मगच कच्च्या रेषा खोडून एक पक्की रेषा ठेवायची. दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागत असल्यामुळे चूक आपोआप उघडी पडे, आणि नवशिक्याला स्वतःचे काम स्वतः तपासण्याची सवय लागे.

घनवस्तूपाशी मात्र हा आधार सुटतो. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतले तरी तांब्याच्या तोंडाचा लंबगोल नवशिक्या दोन्ही टोकांना टोकदार काढतो, आणि बूड सपाट टेबलावर टेकलेले आहे हे ठाऊक असल्याने त्याची कड सरळ रेषेने दाखवतो. वास्तविक बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने त्याची वक्रता तोंडापेक्षा जास्त दिसायला हवी. ही चूक उभ्या उभ्या दुरुस्त करता येत नाही. उंचावरून पाहणाऱ्या शिक्षकाला तोंडाचा लंबगोल अधिक भरलेला दिसतो, म्हणून त्याने विद्यार्थ्याच्याच जागी बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून वस्तू पाहिली पाहिजे, तरच त्याची दुरुस्ती खरी ठरते. रेखांकनाच्या अध्यापनातले मर्म येथे आहे, आणि कोणत्याही अभ्यासक्रमाच्या तक्त्यात ते मावलेले नाही.

१८५७ मध्येच इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांचे रेखांकनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. साउथ केन्सिंग्टनच्या यांत्रिकतेचे ते विरोधक होते. त्यांच्या पहिल्या पाठात बाह्यरेषेला स्थानच नाही: एक लहान चौकोन टाकाच्या बारीक रेषांनी, कुठेही डाग न दिसता, एकसारखा भरायचा असतो. मुंबईने हा मार्ग धरला नाही.

पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या श्रेणी परीक्षांनी चित्रकला मुंबईपासून दूरच्या तालुक्याच्या गावांतील शाळांपर्यंत पोचवली, हे त्यांचे मोठे श्रेय होय. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे या परीक्षांची व्यवस्था आली. स्मरणचित्र आणि संकल्पचित्र, म्हणजे नक्षीची रचना, यांची पारख दूरचा परीक्षक न्यायाने करू शकतो, कारण ती काढताना विद्यार्थ्यापुढे वस्तू नसतेच. वस्तुचित्राचे तसे नाही. मांडणी कोणत्या जागेवरून, किती उंचीवरून पाहिली गेली, हे परीक्षकाला कागदावरूनच ताडावे लागते आणि विद्यार्थ्याच्या हाती पडते ती अ, ब किंवा क ही श्रेणी. त्या तांब्याच्या बुडाची वक्रता कोठे चुकली, हे सांगण्याचे काम परीक्षेआधीच्या सरावात, वर्गातल्या ड्रॉइंगच्या शिक्षकाकडेच राहिले.