‘नॉर्मल सलाइन’ : एका संज्ञेचा इतिहास

लालबागच्या चाळींत ‘सलाइन लावले’ हा प्रयोग इतका रुळला आहे की, बाटलीत साखरेचे द्रावण असले तरी तिला सलाइनच म्हणतात. १९२६ साली सुरू झालेले परळचे के. ई. एम. रुग्णालय ह्या वस्तीला लागूनच आहे. तेथील वैद्यकीय व्यवहारात रूढ असलेली ‘नॉर्मल सलाइन’ ही संज्ञा मात्र अधिक फसवी आहे.

रसायनशास्त्रात मिठाचे ‘नॉर्मल’ द्रावण म्हणजे लिटरमध्ये एक मोल, अर्थात ५८.४४ ग्रॅम मीठ. (हा ‘मोल’ जर्मन ‘मोलेक्यूल’ शब्दातून आला, आपल्या ‘मूल्य’जन्य मोलाशी त्याचे नाते नाही.) रुग्णालयातील ‘नॉर्मल’ची मोलॅरिटी अवघी ०.१५४ आहे. मोलॅरिटीला लिटरांनी व ५८.४४ ने गुणिले असता विरघळलेल्या मिठाचे ग्रॅम मिळतात. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम. प्रयोगशाळेतील अर्थ घेऊन कोणी तीच बाटली भरील, तर तीत २९.२२ ग्रॅम मीठ पडेल. असे द्रावण शिरेत सोडल्यास रक्तपेशींतील पाणी ओढले जाऊन प्राणावर बेतेल.

ही गफलत शब्दाची आहे, शास्त्राची नव्हे. १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा यांनी शिरेतून क्षारद्रावण दिले, तेव्हा ‘मोल’ ही संज्ञा नव्हती. सहा पिंट पाण्यात दोन ते तीन ड्राम मीठ, शिवाय थोडा सोडा, असे त्यांचे माप होते. आजच्या हिशेबाने त्यातील मीठ ०.०४ ते ०.०६ मोलॅर भरते. म्हणजे रक्ताच्या मानाने ते फारच सौम्य होते. पुढे कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांसाठी पिंटास १२० ग्रेन मीठ घेतले. हे सुमारे ०.२३ मोलॅर, म्हणजे रक्ताहून तीव्र. ड्राम, ग्रेन आणि पिंट ह्यांच्या गर्दीत न दिसणारा हा फरक मोलांत मांडताच उघड होतो. रक्तद्रवाशी समतोल राखणारे सुमारे ०.९ टक्क्याचे प्रमाण डच शास्त्रज्ञ हॅम्बुर्गर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविले. ‘नॉर्मल’ हे विशेषण येथे समतोलाच्या अर्थाने चिकटले असावे, असे मानण्यास जागा आहे.

बाटलीवरील अधिकृत नाव ‘सोडियम क्लोराइड’ असेच असते आणि त्यापुढे ०.९ टक्के हे प्रमाण छापलेले असते. रुग्णपत्रिकेवर मात्र आजही ‘एन्. एस्.’ हीच अक्षरे लिहिली जातात.