संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतील ‘अबाधित’ पात्रे आणि आयुधधारणेचा नियम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नियमांचा इतिहास सामान्यतः कायदा, धर्मशास्त्र अथवा व्याकरण यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. खेळांच्या नियमांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच वळते. बुद्धिबळासारख्या खेळाचे नियम अनेक शतकांत, अनेक प्रदेशांत संथपणे घडत गेल्यामुळे त्यांतील एखादा बदल नेमका कोणत्या अडचणीतून निर्माण झाला हे सांगणे कठीण जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जन्मलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांची स्थिती वेगळी आहे. त्यांचे नियम अवघ्या तीन दशकांत, लिखित स्वरूपात आणि खेळाडूंच्या डोळ्यांदेखत घडले. एखाद्या शब्दाचा अर्थ का बदलावा लागला, हे येथे जवळजवळ वर्षवार सांगता येते.

या खेळांत प्रत्येक पत्ता हा स्वतःच एक नियम असतो. सर्वसाधारण नियमपुस्तिका एक सांगते आणि पत्त्यावरील मजकूर त्यास अपवाद करतो. विसंगती उद्भवल्यास पत्त्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उत्सर्ग आणि अपवाद यांची ही व्यवस्था संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. परंतु दोन अपवाद परस्परांसमोर उभे ठाकले तर? ‘या पात्रावर कोणत्याही परिणामाची मात्रा चालणार नाही’ असे एक पत्ता म्हणतो आणि ‘हे शस्त्र धारण करणाऱ्याचे बळ वाढेल’ असे दुसरा. अशा पात्राच्या हाती शस्त्र देता येईल काय? या प्रश्नाला अमेरिकेत व जपानमध्ये भिन्न उत्तरे मिळाली. प्रस्तुत निबंधात त्या दोन उत्तरांची घडण तपासली आहे.

पांढऱ्या कवचाचा पेच

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीत २९५ पत्ते होते. त्यांतील ‘व्हाइट नाइट’ला काळ्या रंगापासून, तर ‘ब्लॅक नाइट’ला पांढऱ्या रंगापासून संरक्षण होते. हे संरक्षण म्हणजे सरसकट अभेद्यता नव्हे, ही बाब नवख्या खेळाडूच्या लवकर ध्यानात येत नाही. संरक्षणाने चार गोष्टी टळतात : त्या रंगाच्या स्रोताने होणारी इजा, त्या रंगाचे जोड-पत्ते, त्या रंगाच्या पात्रांकडून होणारी अडवणूक आणि त्या रंगाच्या मंत्राचे लक्ष्य होणे. याव्यतिरिक्त जे घडेल त्यास संरक्षण आड येत नाही. ‘रॅथ ऑफ गॉड’ हा पांढरा मंत्र सर्व पात्रांचा सरसकट संहार करतो. तो कोणालाही लक्ष्य करीत नाही व इजाही करीत नाही. म्हणून पांढऱ्यापासून संरक्षण असलेला ब्लॅक नाइटदेखील त्यात नष्ट होतो.

त्याच आवृत्तीत ‘वॉर्ड’ नावाचे पाच पत्ते होते. एखाद्या पात्राला जोडले की ते त्या पात्रास एका विशिष्ट रंगापासून संरक्षण देत. ‘ब्लॅक वॉर्ड’ जोडताच त्या पात्रावर आधीपासून असलेला ‘वीकनेस’सारखा काळा जोड-पत्ता गळून पडतो, कवच येथे औषधाचेही काम करते. परंतु पाचही वॉर्ड पांढऱ्या रंगाचे होते आणि त्यांपैकी ‘व्हाइट वॉर्ड’ पांढऱ्यापासूनच संरक्षण देत होता. नियम शब्दशः लावला तर हा पत्ता पात्राला जोडला जाताच पात्र पांढऱ्यापासून संरक्षित होते, पांढरा जोड-पत्ता त्यावर राहू शकत नाही, आणि पहिला जो गळून पडतो तो स्वतः व्हाइट वॉर्डच! आपल्याच सामर्थ्याने आपलाच नाश ओढवून घेणारे हे कवच होय. अधिकृत मजकुरात पुढे ‘या परिणामामुळे व्हाइट वॉर्ड दूर होत नाही’ असे वाक्य जोडून या पेचाची सोडवणूक करण्यात आली.

वरवर पाहता ही किरकोळ दुरुस्ती आहे. तथापि तिच्यामागील गृहीतक महत्त्वाचे आहे. जोडले जाणे हीच पात्रावर होणारी एक क्रिया आहे, असे मॅजिकच्या नियमकर्त्यांनी मानले. स्पर्श हाच परिणाम. त्यामुळे संरक्षित पात्राला वर्ज्य रंगाचा पत्ता जोडताच येत नाही. आधी जोडलेला असेल तर तो टिकत नाही. आणि या नियमातून सुटका हवी असेल तर ती प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्रपणे लिहावी लागते. २०१४ च्या ‘स्पेक्ट्रा वॉर्ड’ या पत्त्यावरही असेच सवलतीचे वाक्य छापलेले आढळते. म्हणजे एकवीस वर्षांनंतरही मूळ गृहीतक कायम होते.

शस्त्रांचे आगमन

ऑक्टोबर २००३ मध्ये ‘मिरॉडिन’ या संचातून ‘इक्विपमेंट’ हा शस्त्रास्त्रांचा नवा वर्ग आला. तोवर पात्राला जोडावयाचे पत्ते मंत्रस्वरूप होते. पात्र मेले की तेही जात. शस्त्र मात्र धारणकर्ता पडला तरी रणांगणावर उरते आणि दुसऱ्याच्या हाती देता येते. बहुतेक शस्त्रे रंगहीन असल्याने रंगापासूनचे संरक्षण त्यांच्या आड येत नव्हते. अडचण निराळ्या दिशेने आली. शस्त्र देण्याची क्रिया आपल्या पात्राला ‘लक्ष्य’ करते. त्याच संचातील ‘लाइटनिंग ग्रीव्ह्ज’ ही पादत्राणे धारणकर्त्याला कोणत्याही मंत्राचे अथवा क्षमतेचे लक्ष्य होऊ देत नाहीत, मग ती क्षमता धन्याची स्वतःची का असेना. परिणामी एकदा ही पादत्राणे चढवली की त्या पात्राच्या हाती तलवार देता येत नाही. आधी तलवार द्यावी, मग पादत्राणे चढवावीत. किंवा पादत्राणे क्षणभर दुसऱ्या पात्राकडे सरकवून तलवार द्यावी. ती सरकवण्यास काही मूल्य पडत नाही, परंतु त्यासाठी दुसरे पात्र जवळ असावे लागते. एकटे पात्र उरलेल्या खेळाडूला ही पळवाट बंद असते, आणि क्रम चुकल्याने डाव हातचा जातो.

फेब्रुवारी २००९ मधील ‘प्रोजेनिटस’ या पत्त्यात ही विचारसरणी टोकाला गेली. दहा माना खर्चून येणाऱ्या या महाकाय पात्राला ‘सर्व गोष्टींपासून संरक्षण’ आहे. त्याला शस्त्र देता येत नाही, मंत्र जोडता येत नाही, आणि तरीही रॅथ ऑफ गॉड त्याचा नाश करतोच. वासवी शक्ती मिळविण्यासाठी कर्णाला कवचकुंडले उतरवावी लागली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही; या खेळातही अभेद्यता आणि आयुध यांपैकी एकाचीच निवड करावी लागत होती. ही कोंडी २०११ मध्ये काही अंशी फुटली. केवळ प्रतिस्पर्ध्याच्या लक्ष्यापासून वाचविणारा ‘हेक्सप्रूफ’ हा गुण त्या वर्षी संज्ञा म्हणून रूढ झाला. ‘स्विफ्टफूट बूट्स’ घातलेल्या पात्राला धनी हवी तितकी शस्त्रे देऊ शकतो. संरक्षणाची जुनी संज्ञा तर २०१५ मध्ये नित्य वापरातून काढण्यात आली व २०१९ मध्ये परत आणण्यात आली. समजावण्यास ती फार क्लिष्ट ठरते, ही तक्रार त्यामागे होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

जपानी वाट

काझुकी ताकाहाशी यांची ‘यु-गि-ओ!’ ही चित्रमालिका १९९६ मध्ये ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यातील पत्त्यांच्या द्वंद्वामागे मॅजिकची प्रेरणा होती. कोनामी कंपनीने १९९९ मध्ये या द्वंद्वाला प्रत्यक्ष खेळाचे रूप दिले. २००२ मध्ये तो अपर डेक कंपनीमार्फत अमेरिकेत पोहोचला. येथे शस्त्र हा ‘इक्विप स्पेल’ नावाचा मंत्र असतो. तो पात्राखाली ठेवला जात नाही. मंत्र व सापळे यांसाठी राखलेल्या पाच जागांपैकी एक जागा अडवून बसतो. दोन पत्त्यांमधील नाते नोंदवलेले असते, स्पर्श नसतो. पुढील सर्व फरक या साध्या मांडणीतून उगवलेला दिसतो.

२००४ मध्ये आलेला ‘होरस द ब्लॅक फ्लेम ड्रॅगन’ हा सहाव्या पातळीचा पत्ता मंत्रांच्या परिणामांपासून अबाधित आहे. त्याचे आक्रमणबळ २३००. त्याला १००० ने बळ वाढविणारी ‘अॅक्स ऑफ डिस्पेअर’ ही कुऱ्हाड देता येते काय? मॅजिकच्या तर्काने नाही. यु-गि-ओच्या तर्काने देता येते, मात्र बळ २३०० च राहते. जोडले जाणे ही एक अवस्था आहे, परिणाम नव्हे; परिणाम त्यानंतर येतो आणि तो अबाधित पात्रावर लागू होत नाही. प्रतिस्पर्ध्याचे पात्र पळविणारा ‘स्नॅच स्टील’ हा मंत्रदेखील होरसला जोडला जाईल, पण होरस आपल्या धन्याला सोडून जाणार नाही. याउलट, जे पात्र ‘लक्ष्य करता येत नाही’ असे असते, त्याच्यासाठी इक्विप स्पेल खेळताच येत नाही, कारण खेळतानाच लक्ष्य निवडावे लागते. ‘अबाधित’ आणि ‘अलक्ष्य’ या दोन शब्दांतील भेद येथे निर्णायक ठरतो.

आरंभीच्या पत्त्यांवरील मजकुरातून हा भेद वाचता येत नसे. निर्णय पत्त्याबाहेरच्या खुलाशांत असत, आणि जपानमधील व पाश्चात्त्य देशांतील खुलासे काही वेळा जुळत नसत. २००३ पासून दोन्हीकडील खेळाडू जागतिक स्पर्धेत एकमेकांसमोर बसू लागले; तेव्हा घरी पाठ केलेला नियम परक्या पटावर खोटा ठरण्याचा धोका केवळ तात्त्विक राहिला नाही. २००८ च्या अखेरीस अपर डेकशी संबंध तुटल्यावर पाश्चात्त्य बाजाराची सूत्रेही कोनामीकडे आली. २०११ पासून इंग्रजी पत्त्यांचा मजकूर नव्या शिस्तीने लिहिला जाऊ लागला : अपूर्णविरामापूर्वी अट, अर्धविरामापूर्वी मूल्य व लक्ष्यनिवड, त्यानंतर परिणाम. विरामचिन्हांना कायद्याचे बळ देणारी ही सुधारणा निबंधविषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. लक्ष्यनिवड कोठे संपते व परिणाम कोठे सुरू होतो, हे आता खेळाडूला पत्त्यावरच दिसू लागले.

दिशा उलटली की निकालही उलटतो. ‘रेलिंक्विश्ड’ हे पात्र प्रतिस्पर्ध्याचे पात्र ओढून घेऊन स्वतःचे शस्त्र म्हणून धारण करते. पात्र-परिणामांपासून अबाधित असलेल्या पात्राला ते निवडू शकते, पण ओढू शकत नाही. कारण येथे हलविले जाणारे पात्र स्वतः परिणामाचा विषय आहे. अबाधित पात्र शस्त्र धारण करू शकते, दुसऱ्याचे शस्त्र बनू शकत नाही.

होरसच्या नावे मांडलेली ती निष्फळ कुऱ्हाड मात्र पटावर कायम असते. तिच्या धन्याने दुसऱ्या एखाद्या पात्राला ‘मेज पॉवर’ हा मंत्र दिला असेल, तर त्या मंत्राचे बळ मालकाच्या प्रत्येक मंत्र-सापळ्यामागे ५०० असे मोजले जाते. त्या मोजणीत कुऱ्हाडीचेही ५०० धरले जातात.