पेन्शनीनंतरचा दवाखाना



मागच्या भागात आपण पेन्शनचा इतिहास पाहिला. त्यावर इंदूरहून, बडोद्याहून, बेळगावहून एकच प्रश्न आला: पेन्शनचं कळलं, पण औषधपाण्याचं काय? प्रश्न रास्त आहे. सरकारने नोकराच्या आजारपणाची सोय लवकर केली, निवृत्ताची मात्र फार उशिरा. त्या उशिराची किंमत मी जवळून पाहिली आहे.

आमच्या पलटणीत सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार होते. मी नवा लेफ्टनंट म्हणून आलो तेव्हा निम्मं काम त्यांनीच मला शिकवलं. १९९२ मध्ये ते पेन्शनीवर गावी गेले. १९९८ मध्ये वहिनींच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. तेव्हा माजी सैनिकाला लष्करी इस्पितळात उपचार मिळत, पण जागा असेल तर. आणि जागेवर पहिला हक्क सेवेतल्यांचा. त्यांना जी तारीख मिळाली, तोवर वहिनी थांबू शकत नव्हत्या. सुभेदारांनी विहिरीलगतची अर्धा एकर बागायत विकली आणि खासगी इस्पितळात ऑपरेशन केलं. वहिनी वाचल्या. मला हे सगळं झाल्यावर पत्राने कळलं. आधी कळवलं असतं तर मी तरी काय करणार होतो, हा प्रश्न वेगळा.

आता जरा मागे जाऊ. केंद्र सरकारी नोकरांच्या उपचारांचे नियम १९४४ चे, म्हणजे इंग्रजांच्या काळातले. त्यांच्या नावात विमा हा शब्द नाही, 'वैद्यकीय परिचर्या' आहे. सरकारने ठरवून दिलेला डॉक्टर नोकराला व त्याच्या कुटुंबाला तपासणार आणि खर्चाची बिलं सरकार भागवणार, अशी कल्पना. हप्ता नाही, आधीच्या आजाराची चौकशी नाही. पण हे सगळं नोकरी आहे तोवर. निवृत्तीच्या दिवशी खुर्चीबरोबर डॉक्टरही सुटायचा.

विम्याचा विचार झाला तो कामगारांसाठी. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे ते काम सोपवलं गेलं, १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य विमा कायदा आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. आपल्या ओळखीचं 'ईएसआय' ते हेच. आडारकरांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सरकारी नोकरांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत वेगळी वाट काढली गेली. आधी खर्च करा आणि मग बिलामागे धावा, यापेक्षा सरकारनेच दवाखाने उघडावेत आणि पगारातून थोडी वर्गणी घ्यावी. नाव होतं 'अंशदायी आरोग्य सेवा योजना'. पुढे नावातून 'अंशदायी' गेलं, वर्गणी मात्र राहिली! तीच आजची सीजीएचएस. १९६३ मध्ये ती मुंबईत आली. कालांतराने निवृत्तांनाही घेतलं, पण योजना शहरांची. कोकणात किंवा मराठवाड्यातल्या गावी परतलेल्या टपाल खात्यातल्या माणसाला कार्ड काढता आलं तरी दवाखाना कोसांवर. अशांना डिसेंबर १९९७ पासून वैद्यकीय भत्ता सुरू झाला, महिन्याला १०० रुपये. पुढे तो ३००, ५०० आणि जुलै २०१७ पासून १००० झाला. रक्तदाबाच्या गोळ्यांना ठीक आहे. इस्पितळात भरती व्हायची वेळ आली की त्या रकमेत काय होणार?

फौजीची गोष्ट आणखी बिकट. बाबू साठीला घरी जातो, शिपाई पस्तिशी-चाळिशीत. त्याचं अर्धंअधिक आयुष्य पेन्शनीवर जातं, तेही बहुधा खेड्यात. तरीही माजी सैनिकांची स्वतःची आरोग्य योजना, ईसीएचएस, सुरू व्हायला १ एप्रिल २००३ उजाडावं लागलं. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली, २०१० मध्ये ती संख्या चारशेच्या पुढे नेली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी. मग पती-पत्नी, अवलंबून असलेली मुलं, आईवडील, सगळ्यांना संरक्षण, वयाची अट नाही, जुना आजार चालतो. कुठलीही विमा कंपनी असं देणार नाही. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तर वर्गणीही माफ.

सुभेदार त्या माफीत बसले. तरी कार्ड यायला वर्ष गेलं, कारण वहिनींचं नाव! लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलायची रीत. पलटणीच्या कागदात माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस असे हेलपाटे झाले. कार्ड आलं आणि २००६ मध्ये वहिनींना पुन्हा भरती करावं लागलं. डिस्चार्जच्या दिवशी सुभेदार पैशांचं पुडकं घेऊन खिडकीशी उभे. कारकून म्हणाला, तुम्हाला काही भरायचं नाही. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली, मग मला फोन केला. म्हणाले, "साहेब, काही चूक तर झाली नाही ना?"

चूक नव्हती. पण ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. हा विमा नाही, त्यामुळे खर्च सरकारी तरतुदीतून होतो. सीजीएचएसचे जे दर, तेच इथे. आणि २०१४ चे बरेच दर पुढे वर्षानुवर्षं तसेच राहिले. दर जुने होते, बिलं थकलेली, मग इस्पितळवाला म्हणायचा 'खाट नाही'. तो खोटं बोलायचा हे मान्य, पण त्याला तसं बोलायला लावणारी फाईल कुठे अडली होती तेही विचारायला हवं. मी स्वतः हे 'खाट नाही' ऐकून, छातीत दुखत असताना, तासभर रिक्षात बसलो आहे.

२०१८ मध्ये शिवकांत झा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तातडीच्या वेळी इस्पितळ यादीत नव्हतं एवढ्यावरून निवृत्ताचा खर्च नाकारता येणार नाही. हा निकाल सीजीएचएसचा. ईसीएचएसमध्येही अशा वेळी कोणत्याही इस्पितळात जाता येतं. ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, कागद सगळे जपायचे.

गेल्या दिवाळीत सुभेदारांकडे गेलो होतो. वहिनी आता नाहीत. सुभेदारांच्या बाजेवर एक प्लास्टिकची पिशवी होती, कागदांनी भरलेली. मला वाटलं त्यांचीच असेल. तर ती वाडीतल्या एका शिपायाच्या विधवेची होती. तिचीही दोन नावं. "साहेब, तुमचं इंग्रजी बरं आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा माझ्यापुढे सरकवला आणि आम्ही अर्ज लिहायला बसलो.