रविवारची न्याहारी आणि जुना स्नेही

जुना स्नेही रविवारी सकाळी येणार असला, की माळव्यातील मराठी घरांत आजही पोहे धुऊन निथळत ठेवले जातात. पाहुण्याला जेवणापर्यंत थांबवून घ्यावे तर त्याला आणखी चार घरी जायचे असते. नुसत्या चहावर बोळवण करावी तर आपले मन घेत नाही. म्हणून न्याहारी आणि जेवण यांच्या मधला, नऊ ते अकराच्या सुमाराचा हा बेत. कांदेपोहे, उपवासाचा दिवस असेल तर साबूदाण्याची खिचडी, आणि जोडीला चहा.

या बेतात एक वाद मात्र हमखास उपस्थित होतो. पुण्याकडून आलेला स्नेही पोह्यांवरची शेव, फोडणीतली बडीशेप आणि वर भुरभुरलेले जीरावन पाहून म्हणतो, "हे काही आपले पोहे नव्हेत." तो थट्टेने म्हणतो खरा, पण घरातील वडीलधारी मंडळी ओशाळतात. पाच-सहा पिढ्या परमुलखात काढल्यावर आपले मराठीपण उणावले की काय, ही शंका त्या थट्टेत दडलेली असते. तिचे उत्तर इतिहासाकडे मागावे, असे आम्हांस वाटते.

आधी शब्दच पाहू. 'न्याहारी' हा शब्द फारसी 'नहारी'शी नाते सांगतो. बाजारात 'आलू' मागणारी आमची मुले स्वयंपाकघरात येताच 'बटाटा' म्हणू लागतात. पण तो शब्दही मूळचा पोर्तुगिजांकडून आलेला. वस्तूही त्यांच्याच मार्गाने आल्या. बटाटा, मिरची आणि भुईमूग हे तिन्ही अमेरिका खंडाचे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे सविस्तर वर्णन आहे, पण मिरची किंवा बटाटा त्यात असणे शक्यच नव्हते. त्या काळी तिखटपणा येई तो मिरे, पिंपळी आणि आल्यातून.

साबूदाण्याची कथा तर अधिकच नवलाची. त्याच्या नावातील 'साबू' मलय भाषेतील 'सागू'वरून आला, आणि मूळचा साबूदाणा आग्नेय आशियातील एका ताडाच्या गाभ्यापासून होत असे. आज आपण खातो तो दाणा कसाव्हाच्या कंदापासून होतो, आणि हा कंदही दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880 नंतरच्या काही वर्षांत त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येणे बंद पडले, तेव्हा 1943 च्या सुमारास तमिळ प्रदेशातील सेलम येथे या कंदापासून साबूदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. एकादशीला जो पदार्थ आपण निःशंक मनाने सोवळ्यात चालवतो, त्याचे वय हे एवढेच.

पोहे मात्र खरोखर पुरातन. भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्णाचा दरिद्री बालमित्र, ज्याला आपण सुदामा म्हणतो, तो चार मुठी पोहे फडक्यात बांधून द्वारकेस जातो. तेही पत्नीने शेजारून मागून आणलेले. संकोचाने तो ती पुरचुंडी काढीतच नाही, तेव्हा श्रीकृष्ण स्वतःच ती हिसकून घेतो. त्या पोह्यांना फोडणी कसली होती, याची चौकशी कोणी केली नाही.

माळवा हा गहू-ज्वारीचा मुलूख. भात हे येथील मुख्य पीक नव्हे. तेव्हा आमच्या घरच्या बशीत पोहे बाहेरचे आणि शेव येथल्या हरभऱ्याची. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली. फौजेबरोबर, दप्तरांतून आणि देवळांतून येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी जे केले, तेच या बशीत दिसते.

आता रविवारविषयी. ही सुटी आपल्याला अनादी वाटते, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती झगडून मिळवावी लागली. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा अशी मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी पुढे केल्याचे सांगतात. होळकरांचे कुलदैवतही तेच. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी मागणी मान्य केली आणि 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार मिळाला. आपल्या निवांत सकाळीमागे हे कष्ट आहेत.

ती सकाळ आपण कशी वापरतो, हा खरा प्रश्न आहे. हल्ली पाहुण्याला दुकानात नेण्याची रीत पडत आहे. इंदूरच्या दुकानांतील पोहे-जिलबी रुचकर असते, यात वाद नाही. पण तेथे उभ्याउभ्या दहा मिनिटांत सारे आटोपते. घरी मात्र कांदा चिरला जातो, पोह्यांना वाफ येईतो बोलणे निघते, कोण कुठे गेले, कोण राहिले, याची उजळणी होते. आमची नातवंडे शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. दोन वृद्ध मित्रांचे दोन तास अखंड चाललेले मराठी त्यांच्या कानी पडण्याचे प्रसंग आता थोडेच उरले आहेत, आणि त्यांतला एक या न्याहारीचा आहे.

म्हणून पुढच्या खेपेस पुण्याच्या स्नेह्याने टोकले, तर यजमानाने ओशाळू नये. शेवेचा डबा आणि खोबरे-कोथिंबिरीची वाटी, दोन्ही समोर ठेवावीत. मुलांना मात्र त्या वेळी जवळ बसवून घ्यावे.