फँटसी स्ट्रॅटेजी गेमचे कस्टम मॅप: स्पर्धा कशी असते, मॅप कसा तपासतात आणि शेवटी तो कोणाचा असतो?

दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा घराच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. पुण्यात तर अशा किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. बुरुज किती, दरवाजा कुठे, वर जायची वाट नीट आहे का, हे बघून परीक्षक नंबर देतात. स्ट्रॅटेजी गेम खेळणारे फॅन्स हेच काम कम्प्युटरवर करतात. गेमसोबत मिळणाऱ्या एडिटरमध्ये डोंगर, नद्या, गावं आणि किल्ले मांडून स्वतःचा मॅप बनवायचा आणि तो स्पर्धेत उतरवायचा. फरक एवढाच, की हा किल्ला नुसता बघायचा नसतो, त्यावर लढायचं असतं. त्यामुळे तो कसा दिसतो यापेक्षा तो खेळायला कसा आहे, यावर निकाल ठरतो.

या लेखात आपण पाहूया की कस्टम मॅप म्हणजे काय, स्पर्धेत काय तपासतात, चांगला मॅप कसा बनतो आणि सबमिट करण्याआधी लायसन्स का वाचायचं.

कस्टम मॅप म्हणजे नेमकं काय?

गेम बनवणाऱ्या कंपनीने न बनवता खेळाडूने बनवलेला मॅप म्हणजे कस्टम मॅप. फँटसी स्ट्रॅटेजीमध्ये तीन नावं प्रामुख्याने घ्यावी लागतील.

- हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ (१९९९): टर्न-बेस्ड गेम, म्हणजे आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची. मूळ गेमसोबतच मॅप एडिटर मिळायचा. सगळ्यात लहान मॅप ३६ × ३६ चौकटींचा आणि सगळ्यात मोठा १४४ × १४४ चा. म्हणजे १,२९६ चौकटी विरुद्ध २०,७३६! शिवाय जमिनीखालचा मजला जोडला की काम दुप्पट.
- वॉरक्राफ्ट ३ (२००२): रिअल-टाइम गेम. याच्या वर्ल्ड एडिटरमध्ये जमीन तर बदलता येतेच, पण ट्रिगर वापरून गेमचे नियमही बदलता येतात.
- बॅटल फॉर वेसनॉथ (२००३): डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स गेम. मॅप षटकोनी घरांचा असतो आणि एडिटर गेममध्येच आहे.

एका मॅपमधून नवा गेम प्रकार कसा जन्मला?

‘डोटा’ हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. तो सुरुवातीला वॉरक्राफ्ट ३ चा एक कस्टम मॅप होता. ‘यूल’ या टोपणनावाच्या खेळाडूने तो बनवला. त्यामागची प्रेरणा होती स्टारक्राफ्टमधला ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’ हा आणखी एक फॅन मॅप. पुढे स्टीव्ह फीक यांनी ‘डोटा ऑलस्टार्स’ वाढवला आणि नंतर ‘आइसफ्रॉग’ने तो सांभाळला. फीक रायट गेम्समध्ये गेले आणि २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आला. आइसफ्रॉग व्हॉल्वमध्ये गेला आणि २०१३ मध्ये ‘डोटा २’ अधिकृतपणे रिलीज झाला. आज आपण मोबाइलवर जे ५ विरुद्ध ५ वाले मोबा गेम खेळतो, त्यांचं मूळ या फॅन मॅपमध्ये आहे.

स्पर्धा कशी चालते?

वॉरक्राफ्ट ३ साठी ‘हाइव्ह वर्कशॉप’ ही फॅन कम्युनिटी अनेक वर्षं मॅपच्या स्पर्धा घेत आली आहे. स्टारक्राफ्ट २ हा फँटसी नाही, सायन्स फिक्शन गेम आहे, पण त्याची ‘टीम लिक्विड मॅप कॉन्टेस्ट’ इथे सांगायलाच हवी. कारण त्यातले निवडक मॅप थेट अधिकृत रँक्ड सामन्यांमध्ये घेतले गेले आहेत. म्हणजे घरी बसून बनवलेल्या मॅपवर जगभरचे प्रो खेळाडू खेळतात.

साधारण क्रम असा असतो:

१. थीम, मॅपचा आकार, खेळाडूंची संख्या आणि शेवटची तारीख जाहीर होते.
२. स्पर्धक काम चालू असताना स्क्रीनशॉट टाकतात आणि फीडबॅक घेतात.
३. मॅप सबमिट होतो. वापरलेल्या प्रत्येक चित्राचं आणि मॉडेलचं श्रेय द्यावं लागतं.
४. परीक्षक मॅप खेळून गुण देतात. अनेक ठिकाणी सदस्यांची मतंही धरली जातात.

बक्षीस बहुतेकदा बॅज किंवा नाव एवढंच असतं. त्यामुळे कोणी एंट्री फी, ओटीपी मागितला किंवा अनोळखी एपीके टाकायला सांगितलं, तर तिथूनच परत फिरा.

जमीन म्हणजे आकडे

नवीन मॅप बनवणाऱ्याला डोंगर म्हणजे चित्र वाटतं. गेमसाठी मात्र डोंगर म्हणजे दोन आकडे: तिथे जायला किती चाली लागतात आणि तिथे उभं राहिल्यावर बचाव किती मिळतो. वेसनॉथमधला साधा भालेवाला, म्हणजे स्पिअरमन घ्या. त्याला एका टर्नमध्ये ५ चाली मिळतात.

- गवत: १ चाल, बचाव ४०%
- जंगल: २ चाली, बचाव ५०%
- टेकडी: २ चाली, बचाव ५०%
- डोंगर: ३ चाली, बचाव ६०%
- गाव किंवा किल्ला: १ चाल, बचाव ६०%
- उथळ पाणी: ३ चाली, बचाव २०%

आता तुम्ही मॅपच्या मध्ये तीन घरं रुंद उथळ नदी काढली. दिसायला मस्त. पण काठावरचा भालेवाला पहिल्या टर्नला एकच पाण्याचं घर पुढे जातो, कारण उरलेल्या २ चालींत दुसरं घर परवडत नाही. दुसऱ्या टर्नला आणखी एक. तिसऱ्या टर्नला तिसरं घर ओलांडून तो पलीकडच्या गवतावर पोहोचतो. मधल्या काळात शत्रूला दोनदा संधी मिळते आणि प्रत्येक वार लागण्याची शक्यता ८०%! मग नदी ओलांडायला कोण जाईल? दोघंही आपापल्या काठावर बसून राहतील आणि गेम अडकेल. नदी एका घराची करा, किंवा दोन ठिकाणी पूल द्या, की लढाई लगेच हलते.

असंच गणित वेळेचं. वेसनॉथमध्ये पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर असं ६ टर्नचं चक्र असतं. लॉफुल सैन्य दिवसा २५% जास्त नुकसान करतं, केऑटिक सैन्य रात्री. पहिल्या टर्नला भरती झालेलं सैन्य दुसऱ्या टर्नपासून चालतं. दोन किल्ले ३० घरं लांब असतील आणि मध्ये सपाट गवत असेल, तर चौथ्या टर्नपर्यंत दोघंही १५-१५ घरं चालून मध्यावर भेटतात. तेव्हा संध्याकाळ झालेली असते आणि पुढे दोन टर्न रात्र! सुरुवातीची वेळ रँडम ठेवली नसेल, तर पहिल्याच धडकेत केऑटिक बाजूला फायदा. तुम्ही फक्त अंतर ठरवलं होतं, पण कोणाचं पारडं जड हेही त्यातच ठरून गेलं.

खिंड कुठे हवी, कुठे नको?

नगर रोडवर वाघोलीत सकाळी अडकलेल्या माणसाला चोकपॉइंट म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्यांना जायचंय एकाच अरुंद जागेतून. मॅपमध्ये ही जागा फार ताकदवान असते.

१६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला खिंडीत गाठलं. कमी सैन्य जिंकलं, कारण जमीन त्यांच्या बाजूने होती. अशी लढाई सिनॅरिओ मॅपसाठी, म्हणजे कथा असलेल्या मॅपसाठी उत्तम. एक बाजू संख्येने मोठी, दुसरी जागेने भक्कम. पण दोन खेळाडूंच्या रँक्ड मॅपमध्ये खिंड एकाच्याच दारात असेल, तर तो मॅप बाद. म्हणून स्पर्धेचे नियम वाचताना पहिला प्रश्न हाच: मॅप समतोल हवा आहे की कथेचा?

समतोल मॅपसाठी सोपी युक्ती म्हणजे अर्धा मॅप काढायचा आणि तोच १८० अंशांत फिरवून दुसरा अर्धा करायचा. उदाहरण म्हणून वाघोलीच घेऊ. पेशवेकालीन सरदार पिलाजी जाधवराव यांचं हे गाव. वाघेश्वर मंदिर आणि तळं आहे, दगडाच्या खाणी आहेत, मधून हायवे जातो. फँटसी मॅपमध्ये हायवे होतो मधला वेगवान पण उघडा रस्ता. खाणी होतात टेकड्या आणि खड्डे, जिथून हळू पण सुरक्षित जाता येतं. तळं मध्यभागी ठेवलं, की दोन्ही बाजूंनी वळसा घालावा लागतो. आता खेळाडूपुढे खरा प्रश्न उभा राहतो: लवकर पोहोचू की जपून जाऊ? परीक्षक हाच प्रश्न शोधत असतात. ज्या मॅपवर एकच शहाणा मार्ग आहे, तो कितीही सुंदर असला तरी दोन डावांत कंटाळा येतो.

टेस्टिंग: १० डाव पुरत नाहीत

मॅप बनवणं आणि सॉफ्टवेअर बनवणं यात टेस्टिंगच्या बाबतीत काहीच फरक नाही. प्रत्येक बदलानंतर फाइलला नवा व्हर्जन नंबर द्या आणि काय बदललं ते एका ओळीत लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. खेळताना दोन खेळाडूंनी बाजू अदलाबदल करायची, म्हणजे जिंकला तो खेळाडू चांगला म्हणून की जागा चांगली म्हणून, हे वेगळं करता येतं.

समजा १० डावांत वरची बाजू ७ वेळा जिंकली. मॅप एकतर्फी आहे का? लगेच सांगता येत नाही. साधं नाणं १० वेळा उडवलं, तरी ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण ३४% वेळा येतो. तेच २० डावांत १५-५ झालं, तर साध्या नाण्यालाही असा किंवा त्याहून एकतर्फी निकाल सुमारे ४% वेळाच येतो. तेव्हा मात्र मॅपमध्ये बदल करायला घ्या. म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मॅप पूर्ण करून चालत नाही. अर्धा वेळ टेस्टिंगसाठी राखून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: मॅप कोणाचा?

डोटाची गोष्ट इथे परत येते. नावावरून व्हॉल्व आणि ब्लिझार्ड या दोन मोठ्या कंपन्यांमध्ये वाद झाला आणि २०१२ मध्ये समझोता झाला. व्हॉल्वला ‘डोटा’ हे नाव व्यवसायासाठी वापरता आलं. मूळ मॅप मात्र फॅन्सनी वर्षानुवर्षं फुकट राबून घडवला होता.

२०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड’ आला, तेव्हा ब्लिझार्डच्या कस्टम गेम धोरणात स्पष्ट लिहिलं होतं की खेळाडूंनी बनवलेले कस्टम गेम ही कंपनीची मालमत्ता असेल. म्हणजे पुढचा डोटा तुम्ही तिथे बनवलात, तर तो तुमचा नाही.

वेसनॉथचा मार्ग उलटा आहे. गेम जीपीएल लायसन्सखाली आहे आणि त्यांच्या ॲड-ऑन सर्व्हरवर टाकलेलं कामही खुल्या लायसन्सखाली जातं. तुमचं श्रेय राहतं, पण कोणीही तो मॅप घेऊन बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. यातला कोणताच मार्ग फसवणूक नाही, पण दोन्हींत तुम्ही काहीतरी सोडून देता. काय सोडतोय ते सबमिट करण्याआधी माहीत असायला हवं.

एक सवय मात्र नक्की ठेवा. तुमची मूळ कल्पना, म्हणजे कथा, पात्रांची नावं, हाताने काढलेली स्केचेस, तारखेसह वेगळी जपा. मॅपची फाइल गेमच्या नियमात अडकू शकते, पण तुम्ही स्वतंत्रपणे लिहिलेली कथा पुढे तुमच्या स्वतःच्या गेममध्ये कामाला येईल. आणि दुसऱ्याचं संगीत किंवा चित्र परवानगीशिवाय टाकू नका. स्पर्धेतून बाद होण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

फक्त मोबाइल आहे, तर सुरुवात कशी करायची?

वेसनॉथचा मॅप ही साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक घरासाठी छोटा कोड आणि मध्ये स्वल्पविराम. हिरव्या गवताला ‘जीजी’, उथळ पाण्याला ‘डब्ल्यूडब्ल्यू’, टेकडीला ‘एचएच’, डोंगराला ‘एमएम’. इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं स्मॉल. खेळाडू जिथून सुरू करतो, त्या किल्ल्याच्या कोडआधी त्याचा नंबर. चारही कडांना एकेक जादा रांग लागते, ती विसरू नका. म्हणजे मॅपचा कच्चा आराखडा मोबाइलच्या नोट्स ॲपमध्येही लिहिता येतो. नंतर कॉलेजच्या किंवा मित्राच्या कम्प्युटरवर एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करायचा.

हीरोज ३ आवडत असेल, तर ‘व्हीसीएमआय’ हे ओपन सोर्स इंजिन अँड्रॉइडवरही चालतं. मात्र मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे विकत घेतलेल्या असायला हव्यात.

पहिला मॅप लहानच ठेवा. दोन खेळाडू, एक नदी, दोन पूल, आठ-दहा गावं. आधी वहीच्या पानावर काढा, मग एडिटरमध्ये मांडा आणि मित्रासोबत बाजू बदलून वीस डाव खेळा. त्यानंतरच स्पर्धेचं नियमपत्रक उघडा आणि मालकीचा मुद्दा सगळ्यात आधी वाचा.